यंत्रांच्या बोलण्यातील अदब

(नांदगाव खंडेश्वर येथे शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)





आजच्या भाषणासाठी मी जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींना नवल वाटेल. विषय आहे, डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर कसा लिहावा. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. अभियंता नाही. तेव्हा हा मनुष्य या वाटेला कसा गेला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एवढेच की हा विषय मुळात भाषेचाच आहे. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, आधी कोणी बोलावे, किती बोलावे, समोरच्याचे बोलणे संपले हे कसे ओळखावे, आणि मधेच बोलणे तुटले तर काय समजावे, यांचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. आपल्या घरांत या गोष्टीला अदब म्हणतात.

आज आपल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जात-धर्म, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते कोणत्या ना कोणत्या डेटाबेसमध्ये गेलेले आहे. शाळेचे जनरल रजिस्टर कपाटात आहे हे खरे, पण यूडायस प्लस आणि शालार्थ यांच्याशिवाय शाळेचा दिवस जात नाही. २०२२-२३ या वर्षापासून यूडायस प्लसमध्ये शाळेची नुसती बेरीज चालत नाही, एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद भरावी लागते. दाखल्यावरील नाव आणि बँकेतील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी शिष्यवृत्ती अडते, हे येथे बसलेल्या पालकांना मी सांगण्याची गरज नाही. म्हणून ही नोंद एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात कशी जाते, हे आपल्यातील काहींनी तरी मुळापासून जाणून घेतले पाहिजे. तेच आज मांडावयाचे आहे.

ड्रायव्हर म्हटले की आपल्याला एस.टी.चा चालक आठवतो. हा ड्रायव्हर म्हणजे दुभाषा होय. आपण पडद्यावर बटण दाबतो. ते काम करणारा प्रोग्रॅम एका ठिकाणी असतो आणि नोंदी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर बहुधा दुसऱ्या ठिकाणी असतो. प्रोग्रॅमची मागणी सर्व्हरला समजेल अशा बोलीत तारेवरून पाठवावयाची आणि आलेले उत्तर उलगडून प्रोग्रॅमच्या हाती द्यावयाचे, एवढेच दुभाष्याचे काम. दुभाषा चुकला तर दोन्ही बाजू शहाण्या असूनही काम बिघडते.

बडनेरा स्टेशनच्या आरक्षण खिडकीचे उदाहरण घ्या. पूर्वी जागांचे मोठे रजिस्टर असे आणि ज्या गावी रजिस्टर त्याच गावच्या जागा कारकून देऊ शके. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले. पुढे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली, आणि १९९९ साली ती पाचही एकमेकांस जोडली गेली. आज खिडकीवरचा कारकून नाव, वय आणि गाडीचा क्रमांक टाकतो, मागणी दूरच्या केंद्रात जाते, तेथे जागा राखली जाते आणि उत्तर परत येते. एकच जागा दोन ठिकाणच्या दोन प्रवाशांना जात नाही, याचे श्रेय जितके त्या केंद्राला तितकेच या नेमून दिलेल्या बोलण्याला आहे.

असे बोलणे आपल्या महाराष्ट्रात प्रथम कोठे शिकले गेले, हेही मुलांनी लक्षात ठेवावे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आय.आय.टी., बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, स्वतः तो विभाग आणि मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, अशा आठ संस्था होत्या. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे हे केंद्र आणि पवई येथील आय.आय.टी. यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून संगणकी पत्रे जाऊ लागली. या केंद्राचे डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा पुढे २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे त्याआधी काही वर्षे मूठभर माणसांनी नियम वाचून, तारा जोडून, यंत्रांना बोलावयास शिकविले होते.

आता आपण ज्या डेटाबेसचे उदाहरण घेणार आहोत त्याचे नाव पोस्टग्रेस. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली हे काम सुरू केले. १९९६ साली त्याला पोस्टग्रेस-क्यू-एल हे आजचे नाव मिळाले. तो फुकट मिळतो, आणि त्याच्याशी बोलण्याचे नियम पूर्णपणे प्रसिद्ध केलेले आहेत. कोणाची परवानगी लागत नाही, फी लागत नाही. आज सर्वत्र चालतो तो बोलीचा तिसरा अवतार २००३ साली आला. २०२५ साली त्यात थोडी भर पडली, तरी जुनी बोली बोलणाऱ्याला सर्व्हर आजही ओळखतो. आमच्या मुलांबरोबर सुट्टीत आम्ही हेच नियम वाचत बसलो आणि एक लहानसा ड्रायव्हर स्वतः लिहिला. त्या अभ्यासातून हाती आलेल्या पाच गोष्टी मी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आधी सलाम कोणी करावा.

बैठकीत येणाऱ्याने सलाम करावा आणि बसलेल्यांनी उत्तर द्यावे, ही आपली रीत. पोस्टग्रेसची रीत हीच आहे. येणारा ड्रायव्हर आधी बोलतो. तो सांगतो, मी तिसऱ्या आवृत्तीची बोली बोलतो, माझे नाव अमुक, मला तमुक डेटाबेस पाहिजे. मायएसक्यूएल नावाचा दुसरा प्रसिद्ध डेटाबेस आहे, त्याची रीत उलट आहे. तेथे दार उघडताच सर्व्हर आधी बोलतो. आता समजा, मायएसक्यूएलची सवय असलेला ड्रायव्हर पोस्टग्रेसच्या दारी गेला. तो वाट पाहतो की घरधनी बोलेल, घरधनी वाट पाहतो की पाहुणा बोलेल. दोघेही सभ्य, आणि दोघेही गप्प. पडद्यावर आपल्याला फक्त फिरणारे चक्र दिसते.

सलामानंतर ओळख पटवणे येते. पूर्वी परवलीचा शब्द जसाच्या तसा पाठविण्याची पद्धत होती. वाटेत कोणी ऐकले की संपले. २०१७ साली पोस्टग्रेसमध्ये जी पद्धत आली तिला स्क्रॅम म्हणतात. त्यात सर्व्हर एक यादृच्छिक मजकूर आणि एक आकडा देतो, बहुधा ४०९६. त्या मजकुराबरोबर परवलीच्या शब्दावर तितक्या वेळा एक ठरावीक गणित करून ड्रायव्हर पुरावा तयार करतो आणि केवळ पुरावा पाठवितो. शब्द तारेवर जातच नाही. पुढे सर्व्हरलाही आपला पुरावा द्यावा लागतो. म्हणजे पाहुण्याने घर ओळखावे आणि घराने पाहुणा. याच्याही आधी ड्रायव्हरने विचारावे की आपले बोलणे कुलूपबंद करता येईल काय? सर्व्हर एकाच अक्षरात उत्तर देतो. एस म्हणजे होय, एन म्हणजे नाही. मुलांची माहिती ही अमानत आहे, असे ज्याला वाटते त्याने एन ऐकताच संभाषण थांबवावे.

दुसरी गोष्ट, बोलण्याआधी मोजमाप सांगावे.

तारेवरून अक्षरे जातात ती बाइट या मापाने. पाठविलेले बाइट क्रमाने पोचतात, पण एका घोटात पोचतील अशी हमी नसते. लग्नाचे वऱ्हाड एस.टी.ने यावयाचे असले म्हणजे अर्धी मंडळी पहिल्या गाडीने येतात, अर्धी दुसऱ्या गाडीने. कधी एकाच गाडीत दोन लग्नांची मंडळी असतात. गाडी आली म्हणून वऱ्हाड आले असे समजणारा यजमान फजीत होतो. ज्याच्याजवळ चिठ्ठी आहे की चाळीस माणसे येणार, तो चाळीस मोजून मगच पंगत बसवितो. प्रोटोकॉलमध्ये ही चिठ्ठी प्रत्येक निरोपाच्या आधी येते. सलामाचा पहिला निरोप सोडला तर प्रत्येक निरोपाला आधी एक बाइट, निरोप कोणत्या जातीचा ते सांगणारा, नंतर चार बाइट लांबीचे, आणि मग मजकूर.

सिलेक्ट १ ही सर्वांत साधी मागणी रोमन लिपीत आठ बाइटांची होते. तिच्या शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्याचा एक बाइट. लांबीचे चार बाइट त्याच लांबीत मोजावयाचे, पण पहिला जातीचा बाइट मोजावयाचा नाही. म्हणून लांबी लिहावयाची तेरा, आणि तारेवर जातात चौदा. नवशिका ड्रायव्हर लिहिणारा येथेच अडखळतो.

आकडा लिहिण्याचीही दिशा असते. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. यंत्रांतही असे दोन पंथ आहेत. काही मोठा भाग आधी लिहितात, काही लहान भाग आधी. पोस्टग्रेसच्या बोलीत मोठा भाग आधी असतो. 'मी पुढच्या प्रश्नाला तयार आहे' या निरोपाची लांबी पाच असते, म्हणजे शून्य, शून्य, शून्य, पाच. ज्याने हे उलटे वाचले त्याला पाचाऐवजी ८ कोटी ३८ लाख ८६ हजार ८० असा आकडा मिळतो, आणि तो तितक्या बाइटांची वाट पाहत बसतो. सर्व्हर बोलून मोकळा झालेला असतो.

लांबी बाइटांत मोजतात, अक्षरांत नव्हे, हा मुद्दा तर आपल्या जिव्हाळ्याचा आहे. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत प्रसिद्ध केला, आणि त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरून घेतली आहे. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी मोठे काम केले. आज सर्वत्र चालणारी यूटीएफ-आठ ही मांडणी १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी बसविली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, उर्दू अक्षराला दोन, आणि देवनागरीतील प्रत्येक वर्णाला, काना-मात्रा आणि हलन्तासह, तीन.

आता आपल्याकडचे एक नाव घेऊ. अब्दुल रहीम. रोमन लिपीत मधली जागा धरून अकरा बाइट. उर्दूत जोडून लिहिले तर नऊ अक्षरे, अठरा बाइट. देवनागरीत अब्दुलचे अठरा, जागेचा एक आणि रहीमचे बारा, मिळून एकतीस. कोणी नावासाठी तीस बाइटांची मर्यादा ठेवली आणि मनात समजला की तीस अक्षरे पुष्कळ झाली, तर आपला अब्दुल रहीम एका बाइटाने बाहेर राहतो. मग एकतर नोंद नाकारली जाते, किंवा शेवटचा म अर्धा तुटून तेथे चौकट दिसते, किंवा भरणारा कंटाळून अ. रहीम असे लिहितो. आपल्या वऱ्हाडात अ. म्हणजे अब्दुल, शे. म्हणजे शेख, मो. म्हणजे मोहम्मद हे सर्वांना कळते. यंत्राला कळत नाही. एका कागदावर अब्दुल, दुसऱ्यावर अ., म्हणजे त्याच्या दृष्टीने दोन वेगळी मुले झाली.

उर्दू शाळांतील सहकाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. अरबी कळफलकावरील ये आणि उर्दू कळफलकावरील ये यांचे संकेत निराळे आहेत. रहीम या शब्दात ये मधे येत असल्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण बाइट निराळे, म्हणून शोधले असता नाव सापडत नाही, आणि मुलाचे नाव यादीत नाही असे सांगितले जाते. सबब सर्वांनी एकच कळफलक वापरावा.

तिसरी गोष्ट, रिकामे आणि अज्ञात यांत भेद करावा.

जनरल रजिस्टरमध्ये एखादा रकाना कोरा दिसतो. त्याचा अर्थ काय? विचारले आणि उत्तर नाही असे मिळाले, की विचारलेच नाही? कागद सांगत नाही. प्रोटोकॉल सांगतो. उत्तराच्या प्रत्येक ओळीत प्रत्येक रकान्याच्या आधी त्याची लांबी येते. लांबी शून्य असेल तर रकाना भरला आहे, पण मजकूर कोरा आहे. लांबी उणे एक असेल तर त्या रकान्यात काहीच नोंद नाही. या दुसऱ्या अवस्थेला नल म्हणतात. निष्काळजी ड्रायव्हर दोन्हींना एकच समजतो, आणि मग वडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाची नोंद आणि ज्याच्या वडिलांचे नाव कोणी विचारलेच नाही त्याची नोंद सारखी दिसू लागते. पहिल्याला काही सवलती मिळावयाच्या असतात, दुसऱ्याच्या घरी जाऊन चौकशी करावयाची असते. कोठे 'निरंक', कोठे आडवी रेघ, कोठे शून्य अशा खुणा आपण हाताने भरतो, त्याही हा भेद पुसून टाकतात.

चौथी गोष्ट, प्रश्न वेगळा ठेवावा आणि नाव वेगळे.

मस'ऊद हे नाव रोमन लिपीत लिहिताना ऐनसाठी मध्ये वरचा स्वल्पविराम देतात. डेटाबेसच्या मागणीत हाच स्वल्पविराम मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे दाखवितो. ज्या प्रोग्रॅममध्ये मागणीचे वाक्य आणि मुलाचे नाव सरळ चिकटवून पाठवितात, तेथे मस'ऊदचे नाव अर्ध्यावरच संपते, आणि उरलेला भाग आज्ञा म्हणून वाचला जातो. साध्या मुलाच्या नावाने चूक दाखविली जाते, पण दुष्ट माणूस याच फटीतून मुद्दाम आज्ञा सरकवू शकतो. अशा रीतीने जगात पुष्कळ डेटाबेस लुटले गेले आहेत.

यावर प्रोटोकॉलमध्ये चांगली सोय आहे. आधी वाक्याचा साचा पाठवावयाचा, ज्यात नावाच्या जागी फक्त क्रमांक असतो. सर्व्हर तो समजून घेतो. नंतर वेगळ्या निरोपात, लांबी मोजून, नाव पाठवावयाचे. आता नावात स्वल्पविराम असो वा आणखी काही, ते नावच राहते. विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे की वाक्यात नाव चिकटविणारा प्रोग्रॅम चालला तरी तो चांगला नव्हे. नावात वरचा स्वल्पविराम चालणार नाही, असे ज्याला सांगितले गेले असेल त्याने समजावे की दोष नावात नव्हता.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, उत्तर पुरते येईपर्यंत थांबावे, आणि बोलणे तुटले तर गृहीत काही धरू नये.

सर्व्हरचे उत्तर अनेक निरोपांत येते. आधी रकान्यांची नावे, त्या निरोपाचे अक्षर टी. मग एकेक ओळ, तिचे अक्षर डी. मग काम झाल्याची पोच, तिचे सी. चूक असेल तर ई, आणि त्यात पाच अक्षरांचा संकेत. उदाहरणार्थ २३५०५ म्हणजे ही नोंद आधीच आहे. शेवटी झेड, म्हणजे आता पुढचे विचारा. झेड येण्याआधी आपलेच घोडे पुढे दामटू नये. सर्व्हर मध्येच एखादी सूचनाही देतो. तिची लांबी ठाऊक असल्यामुळे तेवढे वाचून पुढे जाता येते. लांबी आधी सांगण्याच्या शिस्तीचा हा दुसरा फायदा.

झेडबरोबर एक अक्षर येते. आय म्हणजे सर्व निवांत आहे. टी म्हणजे एक व्यवहार उघडा आहे. ई म्हणजे व्यवहारात चूक झाली, तो मागे घ्या. मुलाचा दाखला आला, रजिस्टरला नाव चढले आणि वर्गाच्या पटावरही चढले, ही कामे मिळून एक व्यवहार. सगळी होतील किंवा एकही होणार नाही, असे डेटाबेसचे वचन असते. शेवटी कमिट म्हटले की वचन पक्के होते.

आता कल्पना करा. ड्रायव्हरने कमिट पाठविले आणि त्याच क्षणी वीज गेली, किंवा नेटवर्क तुटले. काम झाले की नाही? कमिट पोचण्याआधी तार तुटली असेल तर झाले नाही. कमिट पोचले आणि उत्तर वाटेत हरवले असेल तर झाले. पडद्यासमोर बसलेल्याला दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखेच दिसतात. जगातील कितीही उत्तम ड्रायव्हर असो, या अवस्थेत केवळ आपल्या बाजूने पाहून खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. म्हणून चांगला ड्रायव्हर खोटे बोलत नाही. तो 'झाले' म्हणत नाही आणि 'झाले नाही' असेही म्हणत नाही. संबंध तुटला, एवढेच सांगतो. मग पुन्हा जोडून, आधी शोधून पाहावयाचे आणि मगच पाठवावयाचे.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याइतकीच आपल्यालाही लागू आहे. रात्री उशिरा नोंदी भरताना पडदा थबकला की आपण पुन्हा बटण दाबतो. त्यातून एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात, आणि ती दुसरी नोंद काढून टाकण्यासाठी पुढे पालकांना खेटे घालावे लागतात. थबकल्यास थांबा, पुन्हा आत जा, नाव शोधा, नसेल तरच भरा. तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवा. एवढ्याने पुष्कळांचा त्रास वाचेल.

आता विद्यार्थी मित्रांसाठी. हे काम तुमच्या आवाक्याबाहेरचे मुळीच नाही. जुना संगणक, त्यावर फुकट मिळणारे लिनक्स, पोस्टग्रेस आणि पायथॉन ही भाषा, एवढे साहित्य पुरे. तयार ड्रायव्हर वापरावयाचा नाही, हा नियम ठेवा. पहिल्या दिवशी नुसता सलाम पाठवा आणि काय उत्तर येते ते एकेक बाइट वहीवर लिहा. दुसऱ्या टप्प्यात सिलेक्ट १ विचारा आणि टी, डी, सी, झेड ओळखा. तिसऱ्यात नल आणि रिकामा रकाना वेगळा करा. चौथ्यात स्क्रॅमचे गणित. पाचव्यात साचा आणि नाव वेगळे पाठविणे. शेवटी परीक्षा घ्या. सर्व्हरचे उत्तर मुद्दाम एका वेळी एकच बाइट असे तुमच्या ड्रायव्हरला द्या. उत्तर तेच आले पाहिजे. मग मधेच तार काढा आणि तुमचा ड्रायव्हर खरे बोलतो की नाही ते पाहा. इंग्रजीतील नियमावली वाचताना अडेल, पण तिची भाषा कथा-कादंबरीपेक्षा सोपी आहे. तिच्यात एक शब्द नेहमी एकाच अर्थाने येतो. आमच्या सुट्टीतल्या वर्गात मुलीही होत्या, आणि बाइट मोजण्याच्या बाबतीत त्यांची चिकाटी मुलांहून अधिक दिसली, हे पालकांना मुद्दाम सांगतो.

आपल्या मेळाव्यांत अल-ख्वारिझ्मीचे नाव आपण अभिमानाने घेतो. नवव्या शतकात बगदादला होऊन गेलेल्या या विद्वानाच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला, हे खरे. पण त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्या, जमिनीची मोजणी आणि व्यापारातील हिशेब यांना वाहिलेला आहे, हे आपण क्वचितच सांगतो. विधवेला आणि मुलीला तिचा नेमका वाटा मिळावा, यासाठी ते गणित त्याच्या ग्रंथात आले. आपल्या काळात मुलाचे नाव नेमके, पुरते आणि सुरक्षित पोचावे यासाठीचे गणित आपल्या मुलांनी शिकले, तर त्या वारशाचा खरा मान राखला जाईल.

संस्थेच्या चालकांना माझी एक नम्र विनंती आहे. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात दोन जुने संगणक ठेवावेत आणि शनिवारी दुपारी एक तास मुलांना मोकळा द्यावा. खर्च फारसा नाही, देखरेखीची जबाबदारी मी आनंदाने घेईन. फॉर्म भरणारे आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत. भरलेला फॉर्म पुढे कोठे जातो हे सांगू शकणारे चार तरुण तयार झाले, तरी पालकांना उत्तर देताना आपल्याला 'सर्व्हर डाउन आहे' या तीन शब्दांवर थांबावे लागणार नाही.